टाउन की क्लब? डिपॉझिट भरायच्या आधी एक प्रॅक्टिस बघून या

ताई, मुलाला सॉकरसाठी (म्हणजे आपला फुटबॉल) गावाच्या टाउन टीममध्येच ठेवायचं की फी घेणाऱ्या खासगी क्लबला घालायचं, हा तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलाचा जन्म ऑक्टोबर २०१६ चा, आता चौथीत जाणार, बॉस्टनच्या पश्चिमेला राहता, दोन वर्षं टाउनच्या टीममधून खेळतोय. टीममधली चार पोरं क्लबच्या ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, निघाली म्हणून हाही गेला आणि काल रात्री ईमेल आला, अभिनंदन, निवड झालीये, ७२ तासांत ५०० डॉलर डिपॉझिट भरा नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ. वर्षाची फी २,८०० डॉलर, युनिफॉर्म वेगळा. नवरा म्हणतो एवढ्याशा पोराला कशाला, शेजारीण म्हणते आत्ता नाही घेतलं तर दार कायमचं बंद, सासरे सहा महिन्यांसाठी आलेत तेच त्याला प्रॅक्टिसला नेतात आणि त्यांचं मत कुणी विचारत नाहीये. त्यात २०२६ च्या वर्ल्ड कपचं वर्ष, मॅचेस इथून जवळच फॉक्सबरोला, म्हणजे पोरगं हट्टाला पेटलेलं असणारच.

आधी माझं सांगतो म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी कोल्हापूरचा, इथे मॅसॅच्युसेट्समध्ये १६ वर्षं झाली. त्यातली ९ वर्षं टाउनला फुकट कोचिंग केलं, मधली ५ वर्षं एका क्लबमध्ये पगारी कोच होतो, कोचिंगचं डी लायसन्स आहे. माझी मुलगी क्लबमधून टाउनला परत आली आणि मुलगा टाउनमधून क्लबला गेला. दोन्हीकडचा माल आतून बघितलाय म्हणून जरा मोठं लिहितोय, चहा घेऊन बसा.

टाउन सॉकर म्हणजे काय हे कोल्हापूरकराला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या सगळ्या तालमींच्या टीम, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अख्खी पेठ येऊन बसते, कारण खेळणारा आपल्या गल्लीतला असतो. टाउन तसंच. गावातली पोरं, शाळेतले मित्र, कोच म्हणजे कुणाचा तरी बाप नाहीतर आई, पार्श्वभूमी तपासणी करून घेतलेले, ऑनलाइन कोर्स केलेले, ऑफिसमधून पळत येणारे. बॉस्टनच्या आसपासची बरीच टाउन्स बॉस्टन एरिया यूथ सॉकरमध्ये खेळतात, ज्याला सगळे नुसतं बेज म्हणतात, शनिवारी मॅच, डिव्हिजन असतात, जिंकलं की वर, हरलं की खाली. म्हणजे टाउन म्हटलं की नुसतं संत्र्याच्या फोडी खात पळणं असं नाही हो, टाउनमध्येही निवड असते, वरच्या डिव्हिजनच्या टीम चांगल्याच खेळतात.

क्लब म्हणजे आपल्या भाषेत खासगी क्लास. फी, पगारी कोच, निवड, आसपासच्या दहा टाउनमधली पोरं, रविवारी मॅच, हिवाळ्यात डोममध्ये, म्हणजे छताखालच्या मैदानावर, प्रॅक्टिस. शाळा आणि क्लास ही उपमा आपल्या लोकांना पटकन कळते आणि तिथेच घोळ होतो, कारण क्लास म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच येतं की लावायलाच पाहिजे, सगळ्यांनी लावलाय. मी स्वतः तोच विचार करून मुलीला घातलं होतं, म्हणून दुसऱ्याला नावं ठेवत नाही.

आता तुमच्या ईमेलकडे येऊ. तो परत उघडा आणि बघा टीमचं नाव काय लिहिलंय. क्लबचं नाव, वर्ष आणि पुढे एखादा रंग किंवा नंबर असेल. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि ९० टक्के आईबाप हे बघतच नाहीत. एका क्लबमध्ये एकाच वयाच्या तीन-तीन, चार-चार टीम असतात. पहिली टीम क्लबचं नाव चालवते, तिच्याकडे चांगला कोच, चांगली वेळ, पूर्ण मैदान. तिसरी टीम क्लबचं ऑफिस चालवते, म्हणजे तिच्या फीवर ते चालतं. फी दोघांची सारखीच! मी ज्या क्लबमध्ये होतो तिथे पहिल्या वर्षी मला तिसरीच टीम दिली होती. माझ्याआधी त्या पोरांनी त्याच सीझनमध्ये दोन कोच बघितले होते, मी तिसरा, प्रॅक्टिस रात्री पावणेआठला, मैदानाचा एक कोपरा, बाकीच्या तीन कोपऱ्यांत दुसऱ्या टीम. आईबाप गाडीत बसून वाट बघायचे आणि त्यांना वाटायचं आपलं पोर अमुक क्लबमध्ये खेळतंय. खेळत होतं, पण त्या क्लबचं जे नाव झालं होतं ते दुसऱ्याच पोरांमुळे. हुशार बॅच आणि साधी बॅच, बोर्डावर फोटो हुशार बॅचचे.

म्हणून मी टाउन की क्लब या प्रश्नाला उत्तरच देत नाही. कुठली टीम, कोण कोच, हे सांगा, मग बोलू. चांगल्या कोचची टाउन टीम ही कंटाळलेल्या कोचच्या क्लब टीमपेक्षा कधीही भारी, आणि उलटंही तितकंच खरं, टाउनमधला एखादा बाबा स्वतःच्या पोरालाच सेंटरला खेळवतो आणि बाकीच्यांवर बोंबलतो, अशा ठिकाणाहून पळून जायला क्लब हा चांगला रस्ता आहे.

कोच चांगला की वाईट हे कसं ओळखायचं? मॅच बघून नाही. मॅचमध्ये सगळेच कोच शहाणे दिसतात नाहीतर वेडे दिसतात, त्यातून काही कळत नाही. प्रॅक्टिस बघा. आणि बघायची पण एक पद्धत आहे, मी करतो ती सांगतो. मैदानाच्या कडेला उभं राहायचं, फोनवर १० मिनिटांचा टायमर लावायचा, टीममधलं सगळ्यात चांगलं नाही आणि सगळ्यात वाईट नाही असं मधलं एक पोर निवडायचं आणि त्याचा पाय बॉलला किती वेळा लागतो ते मोजायचं. बास. ओठ हलवत मोजलं तर लोक बघतात, म्हणून मी खिशात हात घालून बोटांवर मोजतो.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी एकाच आठवड्यात असं दोन ठिकाणी मोजलं. मंगळवारी आमच्याच टाउनचं मैदान, ओलं गवत, वारा असा की शंकू उडत होते, कोच म्हणजे एक दाताचा डॉक्टर, क्लिनिक बंद करून थेट आलेला, अंगात तेच निळे कपडे. त्याने सोळा पोरांचे चार गट केले, दोन छोटी मैदानं, ४ विरुद्ध ४, गोल म्हणून झेंडे रोवलेले. बॉल बाहेर गेला की तो काखेतला दुसरा बॉल लगेच आत टाकायचा, थांबायचंच नाही. मी निवडलेल्या पोराला दहा मिनिटांत ७० च्या वर टच मिळाले, पुढे मोजणं सुटलं. गुरुवारी एका नावाजलेल्या क्लबचं टर्फ, दिवे, कोचचा ट्रॅकसूट इस्त्रीचा, बोलणं ब्रिटिश. आठ पोरांच्या दोन रांगा. पहिला पास देतो, धावतो, परत घेतो, गोलवर मारतो आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहतो. मी निवडलेलं पोर दहा मिनिटांत ९ वेळा बॉलला शिवलं, उरलेला वेळ पुढच्याच्या पाठीवर शिन गार्ड बडवत होतं. आईबाप मात्र खूश, कारण रांग शिस्तीची दिसते आणि ब्रिटिश उच्चाराला आपले लोक अजून लायसन्स समजतात. असं सगळ्या क्लबमध्ये असतं असं नाही, त्याच क्लबच्या दुसऱ्या कोचची प्रॅक्टिस मी नंतर बघितली, ती झकास होती. तेच तर म्हणतोय.

टचवर एवढा जोर का, तर ९ वर्षांच्या पोराला दुसरं काही शिकायचंच नसतं. अमेरिकेच्या सॉकर फेडरेशनने २०१७ पासून लहान पोरांचे सामनेच छोटे केले, आठ वर्षांपर्यंत ४ विरुद्ध ४ आणि गोलकीपर नाही, नऊ-दहाला ७ विरुद्ध ७, अकरा-बाराला ९ विरुद्ध ९, आणि तेराव्या वर्षी कुठे पूर्ण ११. कारण साधं, मैदानावर पोरं कमी म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बॉल जास्त. दहा वर्षांपर्यंत डोक्याने बॉल मारायलाच बंदी आहे. हे नियम टाउनला आणि क्लबला सारखेच, म्हणजे तुमचा मुलगा कुठेही गेला तरी मॅच तीच, ७ विरुद्ध ७, चार नंबरचा बॉल. जे जास्तीचे पैसे तुम्ही मोजणार ते प्रॅक्टिसचे. मग ती बघायला नको?

आता एक गोष्ट तुमच्या मुलाच्या बाबतीत खास आहे आणि तुम्हाला कुणी सांगितली नसणार. जन्म ऑक्टोबर २०१६. आत्तापर्यंत क्लबमध्ये जानेवारी ते डिसेंबर असे वयोगट होते, म्हणजे ट्रायआउटला तो जानेवारी-फेब्रुवारी २०१६ च्या पोरांबरोबर पळत होता. नऊ वर्षांच्या वयात आठ-नऊ महिने म्हणजे केवढा फरक! उंची, ताकद, लक्ष देणं, सगळंच. २०२६ च्या फॉल सीझनपासून, म्हणजे शाळा सुरू झाल्यावरच्या सीझनपासून, गट बदलतायत, १ ऑगस्ट ते ३१ जुलै, म्हणजे शाळेच्या वर्षाच्या जवळ जाणारे. तुमचा मुलगा ऑगस्ट २०१६ ते जुलै २०१७ च्या गटात येतो, आणि तिथे तो छोट्यांतला नाही, मोठ्यांतला. शिवाय अजून एक वर्ष ७ विरुद्ध ७ खेळायला मिळणार, ९ विरुद्ध ९ च्या मोठ्या मैदानावर एक वर्ष उशिरा. म्हणून क्लबला विचारा की ही ऑफर जुन्या गटातल्या टीमची आहे की नव्या. हे विचारल्यावर समोरचा अडखळला तर समजा त्यांचंच अजून ठरलेलं नाही. आणि उलट बाजूही लक्षात ठेवा, पुढच्या वर्षी तो एकदम चमकायला लागला तर त्यातलं थोडं श्रेय कॅलेंडरचं आहे, लगेच घर विकून अकादमी शोधू नका. टाउनमध्ये आमच्याकडे बहुतेक टीम इयत्तेप्रमाणे असतात, तिथे त्याला यातलं फारसं काही जाणवणार नाही, तो आधीपासून वर्गमित्रांबरोबरच खेळतोय.

पैशाचं बोलू. २,८०० ही फी झाली. युनिफॉर्मचं किट, दोन जर्सी, ट्रॅकसूट, बॅग, घ्यावंच लागतं, अडीचशे-तीनशे डॉलर. मेमोरियल डे आणि कोलंबस डेच्या वीकेंडला टूर्नामेंट, त्यातली एखादी दुसऱ्या राज्यात, आणि बऱ्याच टूर्नामेंटची अट असते की त्यांनी सांगितलेल्या हॉटेलातच राहायचं, स्वतः स्वस्तातलं शोधायचं नाही. रविवारी सकाळी ४९५ हायवेवरून तासभर जायचं, तासभर यायचं, मधे पेट्रोल आणि डंकिनची कॉफी. सगळं धरून चार हजार होतात. टाउनचे दोन सीझन मिळून आमच्याकडे चारशे-पाचशेत भागतं. आणि तो करार नीट वाचा हो. बहुतेक ठिकाणी सही केली की पूर्ण वर्षाची फी लागू, पोराने ऑक्टोबरमध्ये सोडलं तरी, पाय मोडला तरी. डिपॉझिट तर परत मिळतच नाही. फी जड जात असेल तर स्कॉलरशिप आहे का हे विचारायला लाजू नका, बऱ्याच क्लबमध्ये असते, फक्त स्वतःहून सांगत नाहीत.

यावर लगेच कुणीतरी म्हणणार, कॉलेजची स्कॉलरशिप मिळेल की. हा आपल्या लोकांचा आवडता हिशोब. तर करूनच बघू. वर्षाला साडेतीन हजार धरले तरी नऊ वर्षांत ३१,५०० डॉलर होतात. आणि परवा-परवापर्यंत कॉलेज खेळांच्या सगळ्यात वरच्या पातळीवर, डिव्हिजन वनच्या पुरुषांच्या अख्ख्या टीमसाठी मिळून ९.९ स्कॉलरशिप असायच्या, त्या पंचवीस-तीस जणांत वाटून, मुलींसाठी १४. आता नियम बदलले पण म्हणून कुणी पैसे उधळायला लागलंय असं नाही. हार्वर्ड-येलसारखी आयव्ही लीगची आणि डिव्हिजन थ्रीची कॉलेजं खेळासाठी स्कॉलरशिप देतच नाहीत. पैसे वाचवायचे असतील तर ते सरळ कॉलेजच्या खात्यात टाका, सॉकरमधून वसूल करायला जाऊ नका. खेळ म्हणून चार हजार घालायचे तर जरूर घाला, लोक स्कीइंगवर घालतातच की.

शेजारणीचं दार बंद होण्याचं म्हणाल तर ते मला सगळ्यात जास्त खटकतं. कुठलं दार? वरच्या पातळीच्या लीग, मुलांची एमएलएस नेक्स्ट जी २०२० मध्ये सुरू झाली, ईसीएनएल जी मुलींसाठी २००९ मध्ये आणि मुलांसाठी २०१७ मध्ये आली, या तेराच्या आसपासच्या वयोगटापासून सुरू होतात. तुमचा मुलगा नऊचा आहे. मधे चार वर्षं पडलीयेत, दरवर्षी वसंतात परत ट्रायआउट असतात, दरवर्षी कुणीतरी टीम सोडतं, कुणी गाव सोडतं, कुणाला लॅक्रोससारखा दुसराच खेळ आवडायला लागतो. आणि जे पोर खरोखर त्या तोडीचं असतं त्याला शोधत लोक येतात. न्यू इंग्लंड रेव्होल्यूशन या इथल्या व्यावसायिक टीमची अकादमी तर फी घेतच नाही. आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, त्याच्या आईवडिलांना ७२ तासांत ५०० डॉलर भरायचा ईमेल आला नव्हता एवढं नक्की.

आता माझ्या मुलीचं. चौथीत असताना तिला क्लबमध्ये घातलं, दुसरी टीम, मला अभिमान केवढा, जॅकेट घालून फिरायची ती आणि मिरवायचो मी. आठवड्यातून तीन प्रॅक्टिस, मैदान ३५ मिनिटांवर, संध्याकाळी रूट ९ वर ५० मिनिटं. ती गाडीतच पोळीचा रोल खायची, गाडीतच स्पेलिंग पाठ करायची, एकदा गाडीतच उलटी केली आणि तशीच खेळायला गेली. सात जणींच्या खेळाला रोस्टरवर, म्हणजे टीमच्या यादीत, चौदा मुली घेतल्या होत्या. एका रविवारी कनेक्टिकटच्या सीमेपर्यंत गेलो, दोन मॅच मिळून ती २२ मिनिटं मैदानावर होती, मी घड्याळ लावलं होतं, कोचच ना मी, सवय जात नाही. परत येताना काही बोललो नाही. पण मला जे कळायला हवं होतं ते तिच्या बोलण्यात आधीपासून होतं आणि मी ऐकत नव्हतो. ती टाउनच्या टीमला "माझी टीम" म्हणायची आणि क्लबला "ती टीम". नोव्हेंबरमध्ये एका रात्री सव्वानऊला घरी पोचलो, शिन गार्ड न काढताच मागे झोपली होती, उठवलं तर झोपेतच विचारते, बाबा शनिवारी मी माझ्या टीममध्ये खेळू शकते का. क्लब सोडला, उरलेली फी बुडाली. आज हायस्कूलच्या टीममध्ये डिफेन्सला आहे, मजेत आहे.

माझ्या मुलाचं बरोबर उलटं. तो अकरा वर्षांचा होईपर्यंत टाउनमध्ये होता, टीम खालच्या डिव्हिजनची, हा मॅचला चार-पाच गोल मारायचा आणि घरी येऊन मख्ख. मला वाटायचं गोल मारतोय म्हणजे बरं चाललंय. एक दिवस म्हणाला, बाबा मी पास दिला की तो बॉल परत येतच नाही. बास, तिथे कळलं. त्याला बरोबरीची पोरं हवी होती. क्लबच्या दुसऱ्या टीममध्ये गेला, पहिले दोन महिने सगळे त्याच्याकडून बॉल हिसकावून घ्यायचे, गोल शून्य, आणि पोरगं गाडीत अखंड बडबडत असायचं. कोच शांत माणूस, कडेवरून ओरडायचा नाही, चुकलं तरी दुसऱ्या मिनिटाला काढून बेंचवर बसवायचा नाही. त्या चार हजारांचं मला कधी वाईट वाटलं नाही.

तर तुमच्या मुलाकडे या नजरेने बघा. तो कोणाच्या मागे चाललाय, बॉलच्या की त्या चार मित्रांच्या? मित्रांच्या मागे जाणंही वाईट नाही बरं का, नऊ वर्षांचं पोर मित्रांसाठीच खेळतं, पण मग ते चौघं त्याच टीममध्ये आहेत का ते आधी विचारा. नाहीतर हा तिसऱ्या टीममध्ये आणि मित्र पहिल्या टीममध्ये, जॅकेट सारखं आणि भेट पार्किंग लॉटमध्ये. आणि घरी असताना, कुणी न सांगता, तो बॉल घेऊन बाहेर जातो का? जात असेल तर क्लबचा विचार करा. फक्त बुधवारी सहाला तुम्ही हाक मारल्यावर मोजे शोधत असेल तर अजून एक वर्ष टाउनच बरं.

दोन्ही करू का, असंही तुम्ही विचारलंय, शनिवारी टाउन आणि रविवारी क्लब. करतात लोक. मीही एक सीझन करू दिलं. दोन टाउनच्या प्रॅक्टिस, तीन क्लबच्या, दोन मॅच, म्हणजे सातही दिवस. माझ्या टीममधलं एक पोर असंच करत होतं, दहा वर्षांचं, मार्चमध्ये टाचा उचलून चालायला लागलं, आईला वाटलं बूट लहान झाले. नवे घेतले तरी तेच. डॉक्टरने सांगितलं टाचेच्या वाढीच्या हाडावर ताण आलाय, या वयात धावणाऱ्या पोरांत हे नेहमी दिसतं, सहा आठवडे खेळ बंद. इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला सोपा आहे, आठवड्यातून एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी आणि वर्षातून सुटे सुटे मिळून तीन महिने त्या खेळापासून लांब. मी अजून एक अंदाज वापरतो, वय जेवढं तेवढेच तास आठवड्याला, नऊ वर्षांच्या पोराला नऊ तास, त्यात मॅच, प्रॅक्टिस, शाळेतलं सगळं आलं. टाच दुखतेय म्हणाला तर नाटक समजू नका.

आणि रविवारचं. तुमचा मुलगा मराठी शाळेत जातो असं ओघात लिहिलंय तुम्ही, ती रविवारी असणार, वर रशियन मॅथ हा गणिताचा क्लास. क्लबची मॅच कधी सकाळी आठला, कधी दुपारी तीनला, आठवड्याच्या सुरुवातीला कळतं. पहिल्या महिन्यात मराठी शाळा बुडते, दुसऱ्या महिन्यात शाळेच्या बाईंना तोंड दाखवायला लाज वाटते, आणि दिवाळीच्या कार्यक्रमात पोरगं सगळ्यात मागच्या रांगेत ओठ हलवत उभं असतं. आमच्याकडे हेच झालं. त्याचं काय करायचं ते तुमचं घर ठरवेल, पण सही करायच्या आधी नवराबायकोने बसून रविवारचा कागद मांडा, कोण नेणार, कोण आणणार, धाकटं भावंड असेल तर त्याला कुठे ठेवणार. कार्पूल होईल असं धरून चालू नका, पहिल्या टीमच्या आया आधीच जोड्या जमवून बसलेल्या असतात.

७२ तासांचं एवढं मनावर घेऊ नका. ती मुदत क्लबच्या सोयीसाठी असते. मीच असे ईमेल पाठवलेत, मला माहितीये. पहिल्या टीमच्या जागा खरंच पटकन भरतात, दुसरी-तिसरी टीम मात्र ऑगस्टपर्यंत पोरं शोधत असते. उद्या सकाळी मॅनेजरला सरळ फोन करा, ईमेल नको, आणि म्हणा मुलाला यायचंय पण आधी याच कोचची एक प्रॅक्टिस बघायचीये, तेवढा आठवडा द्या. फोनवरच विचारून घ्या की कोच नक्की कोण आणि तो अजून किती टीम सांभाळतो, कारण दोन टीम असतील तर दोन्हीच्या मॅच एकाच वेळी येणार आणि तुमच्यासमोर कुणीतरी अनोळखी उभा असणार. रोस्टरवर किती पोरं घेणार, बाराच्या वर सांगितलं तर माझ्या मुलीचं आठवा. खेळायला किती मिळणार, अर्धी मॅच तरी नक्की का. हिवाळ्याचं डोम फीमध्ये आहे का वेगळं. नीट उत्तरं देणारा मॅनेजर असेल आणि प्रॅक्टिसमध्ये पोरं रांगेत उभी दिसली नाहीत तर बिनधास्त घाला. आठवडा द्यायलाच नकार दिला तर मी तरी या वर्षी सोडून दिलं असतं.

सोडलंत तर टाउनच्या कोचला सांगा की अजून एक दिवस जास्तीची प्रॅक्टिस घेणार का, आम्ही शंकू उचलायला येतो, बहुतेक जण हो म्हणतात, त्यांना नुसती मदत हवी असते. हिवाळ्यात फुटसाल शोधा, छोटा जड बॉल, छोटी जागा, दहा-बारा आठवडे, फी क्लबच्या मानाने काहीच नाही. आणि तुमचे सासरे घरी आहेत ना, रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं त्यांनाच अंगणात दोन कुंड्यांच्या मधे गोलकीपर म्हणून उभं करा, खुर्ची दिली तरी चालेल. डावा पाय, उजवा पाय, आळीपाळीने. फक्त गॅरेजच्या दारावर मारू देऊ नका, आमचं बदलायला क्लबच्या अर्ध्या फीएवढा खर्च आला होता.